तप्पिगे तक्क शिक्षे

आपल्या सीमाभागातल्या घरांत काही शब्द असे नांदतात की ते मराठी की कन्नड हे विचारण्यात अर्थ नसतो. 'दंड' तसा, 'न्याय' तसा. 'शिक्षा' मराठीत आणि 'शिक्षे' कन्नडमध्ये. फरक एका मात्रेचा. दोन्ही भाषांत शाळेतलं शिक्षण आणि कोर्टातली शिक्षा एकाच मुळापासून आलेली आहेत, हेही गमतीचं आहे. पोरानं काही आगळीक केली की घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून कन्नडमध्ये एक वाक्य हमखास येतं : 'तप्पिगे तक्क शिक्षे'. चुकीला साजेशी शिक्षा. यातला 'तक्क' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. साजेशी, जोगी, मापाची असे त्याचे सगळे अर्थ होतात. माप कुणी धरायचं आणि कशानं, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो मोठा आहे.

वाचकहो, आज हा प्रश्न एका अवघड जागी ठेवून पाहायचा आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला तुरुंगवास झाला आणि तो वरच्या कोर्टात गेला, की 'ही शिक्षा माझ्या गुन्ह्याच्या मानानं फार जास्त आहे', तर त्याचं ऐकून घ्यायचं का? बहुतेकांचं उत्तर मला ठाऊक आहे. वर्गात हा विषय काढला की पोरं एका सुरात म्हणतात, 'सर, याला आणि अपील कसलं?' चोर्ला घाटातून किंवा अनमोडहून शनिवार-रविवारी गोव्याकडून येणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही चीड समजावून सांगावी लागत नाही. मी राज्यशास्त्राचा मास्तर, वकील नव्हे. पण राज्यघटना शिकवताना निकालपत्रं वाचावी लागतात आणि त्यांत या प्रश्नाची जी उत्तरं सापडतात, ती चिडीपेक्षा अधिक विचारात पाडणारी आहेत.

पहिलं प्रकरण मुंबईचं. १२ नोव्हेंबर २००६ची पहाट, पावणेचार-चारचा सुमार. वांद्रे-खार भागातला कार्टर रोड. त्या रस्त्याच्या पदपथावर बांधकामावरचे मजूर आणि त्यांची बायकापोरं झोपलेली. एक टोयोटा कोरोला भरधाव येते आणि पदपथावर चढते. सात जण मरतात, आठ जखमी होतात. गाडी चालवणारा तरुण विशीतला, ॲलिस्टर परेरा. त्याच्या रक्तात मद्याचं प्रमाण ०.११२ टक्के निघालं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. इथं ते ११२, म्हणजे जवळजवळ चौपट.

एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाचा निकाल आला. न्यायालयानं हा निष्काळजीपणानं झालेला मृत्यू मानला, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ. त्यात जास्तीत जास्त शिक्षाच दोन वर्षांची होती. परेराला मिळाली सहा महिन्यांची साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड. सात माणसं आणि सहा महिने! महिन्यागणिक एकाहून जास्त माणूस, असा हिशेब तेव्हा कुणीही बोटांवर करू शकत होतं. राज्य सरकार उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गुन्ह्याचं कलमच बदललं. हा नुसता निष्काळजीपणा नाही, हा सदोष मनुष्यवध आहे असं ठरवून कलम ३०४च्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. त्या भागात दहा वर्षांपर्यंतची शिक्षा देता येते.

या दोन कलमांतला फरक समजून घेण्याजोगा आहे, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. कुणाला मारायचा हेतू नव्हता, हे दोन्हीकडे मान्यच. प्रश्न 'जाणीव' होती का, हा. माझ्या या कृतीनं माणूस मरू शकतो हे करणाऱ्याला कळत होतं का? मुंबईत पहाटे पदपथावर माणसं झोपलेली असतात हे मुंबईत राहणाऱ्या कुणाला ठाऊक नसतं? अशा रस्त्यावर पोटात दारू घालून भरधाव गाडी चालवणाऱ्याला ती जाणीव होतीच, असं न्यायालयानं धरलं. पिऊन शुद्ध नव्हती, म्हणून जाणीव नव्हती, असा बचाव ऐकायला सोपा वाटतो. पण तो मान्य केला तर जो जास्त पिईल तो जास्त निर्दोष ठरेल.

परेरा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथं दोषी ठरवण्याला तर आव्हान होतंच, पण शिक्षेबद्दलही विनवणी होती : दोन महिने मी तुरुंगात काढलेच आहेत, साडेआठ लाख रुपये नुकसानभरपाई दिली आहे, तेव्हा भोगली तेवढी शिक्षा पुरे धरावी. १२ जानेवारी २०१२ रोजी न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती जगदीशसिंह खेहर यांच्या खंडपीठानं निकाल दिला. निकालात शिक्षेचं प्रमाण या विषयावर बराच ऊहापोह आहे. शिक्षा गुन्ह्याच्या गांभीर्याशी जुळली पाहिजे, तिनं धाकही बसला पाहिजे आणि माणूस सुधारलाही पाहिजे, हे सगळं मान्य करून खंडपीठ म्हणालं की अशा प्रकरणात दोन महिन्यांवर सोडून देणं हेच गुन्ह्याच्या मानानं अप्रमाण होईल. पैसे दिले हे खरं, पण गेलेल्यांच्या घरच्यांचं रोजचं दुःख कोणत्याही रकमेनं जात नाही. आणि पुढे असंही, की सात माणसं गेलेली असताना तीन वर्षं देऊन उच्च न्यायालयानं आरोपीशी सौम्यच व्यवहार केला आहे.

'अप्रमाण' हा शब्द आरोपीनं आपल्या बाजूनं ठेवला होता. न्यायालयानं तोच शब्द उचलून समोरच्या पारड्यात टाकला. शिक्षा जास्त झाली म्हणून कोर्टाचं दार वाजवता येतं, हा हक्क खराच. पण तराजूला पारडी दोन असतात. शिक्षा फार कमी झाली, हीही प्रमाण चुकल्याचीच तक्रार आहे. आणि ती मांडायला त्या पदपथावरचे लोक स्वतः वकील लावून दिल्लीला जाऊ शकत नव्हते. त्यांच्या वतीनं सरकारनं उच्च न्यायालयात जावं लागलं.

हे काही २०१२ मध्येच सुचलेलं नाही. १९७९ सालचं पंजाबमधल्या एका ट्रकचालकाचं प्रकरण आहे. बेदरकार ट्रक चालवून त्यानं एका स्कूटरवाल्याचा जीव घेतला आणि दोन वर्षांच्या शिक्षेत सवलत मागितली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर म्हणजे कैद्यांविषयी अपार कणव असलेला माणूस. तुरुंगसुधारणेवर त्यांनी जेवढं लिहिलं, तेवढं क्वचित कुणी लिहिलं असेल. तरी त्यांनी त्या चालकाची शिक्षा कमी केली नाही. आरोपी आत गेला की त्याच्या बायकापोरांचे हाल होतात हे त्यांनी मान्य केलं, वाईटही वाटून घेतलं. आणि त्याच निकालात खंत नोंदवली की मेलेल्याच्या घरच्यांकडे पाहायला आपल्या कायद्याला डोळेच नाहीत. एकाच निकालात दोन्ही घरांचा विचार! मला हा निकाल वर्गात सांगायला आवडतो, कारण मुलांना कणव आणि कठोरपणा यांत नेहमी एकच निवडायचं असतं.

आता दिल्लीकडे या. १० जानेवारी १९९९ची पहाट. लोधी कॉलनीच्या भागात संजीव नंदा नावाच्या तरुणानं चालवलेल्या बीएमडब्ल्यू गाडीखाली सहा जण गेले, त्यांत तीन पोलिस. रक्तात मद्य ०.११५ टक्के. म्हणजे कार्टर रोडशी जवळजवळ जुळणारं प्रकरण. २००८ मध्ये सत्र न्यायालयानं सदोष मनुष्यवध धरून पाच वर्षं दिली. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो निष्काळजीपणा ठरवून दोन वर्षांवर आणली. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम पुन्हा सदोष मनुष्यवधाचं केलं, पण तुरुंगवास मात्र तेवढाच ठेवला, भोगून झालेला दोन वर्षांचा. त्याच्या जोडीला पन्नास लाख रुपये केंद्र सरकारकडे जमा करायचे, ते ठोकर देऊन पळालेल्या वाहनांच्या बळींसाठी. आणि दोन वर्षं समाजसेवा.

जानेवारीत सात मृत्यूंना तीन वर्षं हा सौम्यपणा म्हणणारं न्यायालय, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सहा मृत्यूंना दोन वर्षं पुरेशी मानतं. खंडपीठ वेगळं होतं, प्रकरणातले बारकावे वेगळे होते, तेरा वर्षं लोटली होती. हे सगळं धरूनही माझ्या मनाला ते पटलेलं नाही. समाजसेवेची कल्पना चांगली आहे. पण पन्नास लाखांची अट वाचताना एक शंका येते : ज्याच्याकडे पन्नास लाख नाहीत, त्याला हा पर्याय कुणी दिला असता का?

पैशाचा हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या भागात आहे. शेतीवाटणीच्या दाव्यात वकिलांच्या तोंडून 'मिताक्षरा' हा शब्द ऐकला नाही असं घर इकडे विरळा. तो ग्रंथ याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका; लिहिला विज्ञानेश्वरानं, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणला; म्हणजे आताच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. हे अकराव्या-बाराव्या शतकातलं. वारसाहक्कासाठीच हा ग्रंथ आपण ओळखतो. पण तो ज्या स्मृतीवर आहे, तिच्यात दंड कसा द्यावा याचंही सूत्र आहे. अपराध पाहावा, स्थळ पाहावं, काळ पाहावा. माणसाचं बळ, वय, त्याचं काम आणि त्याची संपत्ती पाहावी, मग दंड ठरवावा. सात गोष्टी. जुन्या ग्रंथांत आज न पटणारं पुष्कळ आहे, जातीप्रमाणे दंड बदलण्याचाही हिशेब त्यांत आहे आणि तो घटनेनं पुसला हे बरंच झालं. पण ही यादी मात्र आजच्या न्यायाधीशानं टेबलावर ठेवावी अशी आहे.

यात संपत्ती आहे ती दंड सगळ्यांना सारखा बोचावा म्हणून, असं मी समजतो. हजार रुपये हमालाला वेगळे आणि सावकाराला वेगळे. तुरुंगाऐवजी पैसा, असा त्याचा अर्थ लावला की सगळंच उलटं होतं. पंजाबातल्या आणखी एका अपघातात, त्यात दारूचा प्रश्न नव्हता, दोन माणसं गेली होती. खालच्या कोर्टानं एक वर्ष दिलं. आरोपीनं पंच्याऐंशी हजार भरपाई दिली म्हणून उच्च न्यायालयानं भोगून झालेल्या चोवीस दिवसांवर त्याला सोडलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवून सहा महिने केले. पैसे मोजले की तुरुंग चुकतो, अशी समजूत ऐपतदारांनी करून घेतली आहे, हे त्या निकालातलं निरीक्षण चांगलंच झोंबणारं आहे.

या सगळ्यात मेलेल्या माणसांची मोजदाद आहे. कुणाला खरचटलंही नसताना तुरुंगवास झाला तर? या प्रश्नावर मी बराच विचार केला तो आमच्या गल्लीतल्या एका बाईंमुळे. त्यांचा नवरा भाड्यानं मालवाहू टेम्पो चालवतो. लग्नसराईतल्या एका रात्री मंडपाचं सामान पोचवून रिकाम्या गाडीनं येताना नाक्यावर पोलिसांनी त्याच्या तोंडाला यंत्र लावलं. आकडा मर्यादेच्या वर निघाला. कोर्टात कुणीतरी सांगितलं, 'कबूल कर, दंडावर सुटशील.' त्यानं कबूल केलं. झाला एक महिन्याचा कारावास आणि दहा हजार दंड. बाई दुसऱ्या दिवशी आमच्या घरी. 'सर, कुणाला काय लागलं नाही, गाडीला चरा नाही की ओ. मग आत घालत्यात कसं? आणि त्यो दिल्लीवाला, मुंबईवाला?' टीव्ही त्याही पाहतात.

मी त्यांना आधी कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत आणि पंधरा हजार. सप्टेंबर २०१९ पूर्वी पहिल्या वेळचा दंड फक्त दोन हजारांपर्यंत होता. हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटणारा नाही, कोर्टातच जावं लागतं. अपघात व्हायची वाट कायदा पाहत नाही आणि पाहूही नये. रिकामा टेम्पो कुणावर चढला नाही, यात नवऱ्याची काही कर्तबगारी नव्हती. रस्त्यावर त्या वेळी कुणी नव्हतं एवढंच. हे बाईंना कडू लागलं. पण त्याही मान हलवून म्हणाल्या, 'ते बी खरंच.'

पण त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्याचा परवाना न्यायालयाला किमान सहा महिने बंद ठेवावाच लागतो. ज्याची स्वतःची मोटार आहे, तो सहा महिने ड्रायव्हर ठेवेल नाहीतर रिक्षानं जाईल. जो स्वतःच ड्रायव्हर आहे, त्याची ती सहा महिन्यांची उपासमार. टेम्पो दुसऱ्याच्या हाती जातो, गाडीमालक पुन्हा बोलावीलच असं नाही. म्हणजे कागदावर शिक्षा एक महिना आणि दहा हजार. घरावर पडली ती त्याच्या कितीतरी पट. पहिलाच गुन्हा, इजा नाही, पोलिसांशी हुज्जत नाही, शिक्षा होण्याआधी वकील नाही. याज्ञवल्क्याच्या यादीतले वय, काम, संपत्ती हे रकाने इथं कुणी भरलेच नव्हते. असं माणसानं वरच्या कोर्टात जाऊन म्हणणं, की गुन्हा माझा, पण माप तपासा, यात मला काही निर्लज्जपणा दिसत नाही. उलट अपील नावाची सोय खऱ्या अर्थानं अशांसाठीच असायला हवी. प्रत्यक्षात ती वापरतात कोण, ते वर आलंच आहे.

आणि असं म्हणणं ऐकलंही जातं. उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिस दलातला एक चालक २००० साली कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताला जवानांना घेऊन निघाला होता. त्याच्या ट्रकनं एका जीपला ठोकर दिली. जीवितहानी नाही, पण चालक प्यायलेला. खात्यानं त्याला बडतर्फ केलं. म्हणजे पंचवीस वर्षांची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही गेलं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा निकाल दिला, तोवर तो माणूस हयात नव्हता. खटला वारस लढवत होते. अपघात किरकोळ होता म्हणून दारू पिऊन गाडी हाकणं किरकोळ ठरत नाही, मोठा अपघात टळला हे त्या जवानांचं नशीब, असं न्यायालयानं खडसावून सांगितलं. पण बडतर्फी ही शिक्षा जास्त झाली हेही मान्य केलं आणि ती सक्तीच्या निवृत्तीत बदलली. त्यामुळे कुटुंबाला निवृत्तीचे लाभ मिळायची वाट मोकळी झाली. ही तुरुंगाची शिक्षा नव्हती, खात्याची होती. तरी 'तक्क' शब्दाचा इतका नेमका वापर मी दुसऱ्या निकालात पाहिला नाही. चूक चूकच ठेवली, शिक्षा शिक्षाच ठेवली, फक्त माप दुरुस्त केलं.

मापं बिघडतात ती दोन प्रकारांनी. एक पैशानं, ते वर आलं. दुसरं लोकांच्या त्या त्या वेळच्या रागानं. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, आणि चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याचं देशभर गाजलं. ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. पण लोकांच्या डोक्यात 'दोन जीव, तीनशे शब्द' असंच बसलं. चीड रास्त होती. फक्त अशा चिडीनंतर नाक्यानाक्यावर जी मोहीम निघते, तिच्यात पोर्शवाला सापडत नाही, टेम्पोवाला सापडतो. एका श्रीमंताला कमी झालेली शिक्षा दहा गरिबांना जास्त देऊन भरून निघते, असा हिशेब कोणत्याच स्मृतीत नाही.

कायदाही मधल्या काळात बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूला आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा देता येते, पूर्वी ती दोन होती. समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच संहितेत आली. ती ज्या मोजक्या गुन्ह्यांसाठी आहे, त्यांत सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा घालणं आहे. पिऊन गाडी चालवणं नाही, कारण ते मोटार वाहन कायद्यात राहिलं. दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जी समाजसेवा दिली, ती तालुक्याच्या न्यायाधीशाला टेम्पोवाल्याच्या बाबतीत कायद्यानं हाताशी नाही. त्याच्यापुढे पैसे किंवा गज. अपघात विभागात रात्रपाळीला दोन महिने स्ट्रेचर ढकलायची शिक्षा असती, तर ती त्या माणसाला आणि गावालाही जास्त उपयोगी पडली असती, असं माझं मत आहे.

आता थोडं कामाचं, कारण बाईंसारख्या आणखी कुणावर अशी वेळ येऊ शकते. गुन्हा कबूल केला म्हणजे सगळं संपलं, ही समजूत चुकीची आहे. मॅजिस्ट्रेटपुढे कबुली दिली असेल तर 'मी दोषी नाही' असं अपिलात म्हणता येत नाही, पण शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यावर अपील करता येतं. ते सत्र न्यायालयात, शिक्षा झाल्यापासून तीस दिवसांत. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. अपील दाखल करून शिक्षा स्थगित ठेवण्याची आणि जामिनाची मागणी करता येते. छोट्या शिक्षेत ती आधी केली नाही तर अपिलाची तारीख येईपर्यंत शिक्षा भोगूनच होते. आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवत नाही. मात्र सरकार वाढीसाठी वेगळं अपील करू शकतं आणि उच्च न्यायालय, आपल्यासाठी त्याचं धारवाडचं खंडपीठ, नोटीस देऊन, बाजू ऐकून शिक्षा वाढवूही शकतं. परेराचं उदाहरण समोर आहेच. तेव्हा ज्याच्या हातून माणूस गेला आहे, त्यानं 'मला जास्त झाली' म्हणण्यापूर्वी विचार करावा.

वकिलासाठी दागिने मोडायची घाई करू नये. कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला, त्याचं उत्पन्न काहीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रियांनाही तो तसाच आहे. कोर्टाच्या आवारातच हे कार्यालय असतं, १५१०० हा त्यांचा दूरध्वनी. तुरुंगात असलेला माणूस तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो.

आणि शेवटची गोष्ट आपल्यासारख्या दुभाषी घरांसाठी. कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला ताबडतोब आणि विनामूल्य द्यावी लागते. ती कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि आरोपीला नीट वाचता येत नसेल, तर अर्ज करून स्वतःच्या भाषेतला अनुवाद मागता येतो. शक्य असेल तर तो द्यावा असं कायदा सांगतो. टेम्पोवाल्याच्या बायकोनं तो अर्ज केला. तोवर आपल्या नवऱ्याला नेमकी कशाबद्दल आणि का शिक्षा झाली, हे त्या घरात कुणीच वाचलेलं नव्हतं.